भिंत पाडली, पण न विचारता

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्राचा गाभा इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही आणि तुमचे यजमान सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हाताने दोन खोल्यांचे घर बांधत आहात. पाया आणि जोते दोघांनी मिळून पूर्ण केले. पुढे ते चौकटींच्या कामात असताना आतली एक भिंत तुम्ही एकटीने डोक्याइतकी उंच उभी केली. तुम्ही काही दिवस माहेरी गेलात तेव्हा त्यांनी ती पाडली, विटा साफ करून रचून ठेवल्या आणि तुम्ही परतल्यावर “वाकडी होती” एवढेच सांगितले. आता तुम्ही विचारता की, एका भिंतीसाठी इतके वाईट वाटणे योग्य आहे का, आणि उरलेले काम सरळ ठेकेदाराला देऊन टाकावे का.

प्रथम भिंतीचे पाहू, कारण तिचा निकाल लावणे सोपे आहे. वरच्या थरापाशी ती सुमारे 2 सेंटीमीटर कलली होती, असे तुम्हीच लिहिले आहे. वीटकामात 3 मीटर उंचीमागे साधारण 6 मिलिमीटरपर्यंतचा कल चालवून घेतात, आणि या भिंतीवर तर पुढे स्लॅबचा भार येणार होता. ओळंब्याबाहेर, म्हणजे वजन बांधलेल्या लोंबत्या दोरीने दाखवलेल्या उभ्या रेषेबाहेर, गेलेल्या भिंतीवर भार मधोमध न पडता एका अंगाला पडतो आणि ती अधिकच झुकू पाहते. तेव्हा भिंत पाडण्याचा निर्णय बरोबर होता, हे तुम्हाला न आवडले तरी मान्य करावे लागेल.

मात्र तो निर्णय एकट्याने घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि तुमचे दुःख तिथे आहे. तुम्ही परत येईपर्यंत भिंत कुठे पळून जाणार नव्हती आणि स्लॅबही लगेच ओतायचा नव्हता. तुमच्यासमोर ओळंबा सोडून फरक दाखवला असता, तर तुम्ही स्वतःच पहिली वीट काढली असती, असा माझा अंदाज आहे. त्यांनी हे तुमच्या पाठीमागे का केले असावे? तुम्हाला कमी लेखण्यापेक्षा, समोरासमोर सांगण्याचा प्रसंग टाळण्यासाठी केले असण्याचा संभव मला अधिक वाटतो. विटांना चिकटलेला सिमेंटचा माल एकेक करून खरवडणारा माणूस रागाच्या भरात काम करत नसतो. पण टाळाटाळ सौम्य असली तरी तिचा त्रास तुम्हालाच झाला, आणि हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. “तुम्ही भिंत पाडलीत याचा मला राग नाही, मला न विचारता पाडलीत याचा आहे,” एवढे एक वाक्य पुरे. त्यात मागच्या दोन वर्षांच्या तक्रारी मिसळू नका.

पत्रातली आणखी एक ओळ माझ्या ध्यानात राहिली. सहाव्या-सातव्या थरालाच, विटा सरळ रेषेत लावण्यासाठी ताणलेली दोरी सैल झाल्याची शंका तुम्हाला आली होती, पण त्यांना हाक मारणे कमीपणाचे वाटले, असे तुम्ही लिहिता. म्हणजे न बोलण्याची सुरुवात दोन्हीकडून झाली होती. सिमेंटचा कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात आवळू लागतो. त्याआधी थापीच्या दांड्याने ठोकून वीट जागेवर आणता येते, नंतर हलवली तर सांधा मोडतो. म्हणून दर तीन-चार थरांनंतर काम थांबवून दोघांनी भिंत तपासावी, असे आत्ताच ठरवून घ्या. एकाने वर ओळंबा धरावा, दुसऱ्याने खाली वाकून अंतर वाचावे. खोली काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी कर्ण मोजतानाही टेपची दोन टोके दोघांच्याच हाती लागतात. एका दिवसात दीड मीटरहून अधिक उंची चढवायची नसतेच, तेव्हा या थांबण्याने काही बिघडत नाही. भिंत कोणीही बांधलेली असो, पाडण्याचा निर्णय दोघांच्या उपस्थितीतच व्हावा, हेही त्यातच ठरवा.

ठेकेदाराविषयी म्हणाल तर, सगळे काम देऊन टाकू नका, निदान या रागात तरी नको. स्लॅबचे सेंट्रिंग (ओतलेले काँक्रीट तोलून धरणारा तात्पुरता साचा), लोखंड आणि विजेची जोडणी मात्र जाणकारांकडूनच करून घ्या. (हौशी जोडप्यांना हे सांगितले की त्यांचा चेहरा उतरतो, पण डोक्यावर येणाऱ्या वजनापुढे हौस चालत नाही.) काँक्रीट ओतल्यावर किमान आठवडाभर ते ओले ठेवावे लागते, आणि त्याची अपेक्षित ताकद 28 दिवसांनी धरतात. त्या काळात पाणी मारण्याखेरीज फारसे काम नसेल. तेव्हा घराच्या जागी रोज जाऊन बसू नका. बांधकामाचा विषय न काढता कुठेतरी एकत्र जाऊन या.

पाडलेली भिंत पुन्हा उभी करताना तुम्हीच विटा लावा आणि माल कालवून देण्याचे काम त्यांना सांगा. ते आनंदाने तयार झाले तर प्रश्न बव्हंशी मिटला असे समजा. मात्र इतके बोलणे झाल्यावरही त्यांनी पुन्हा तुमच्या अपरोक्ष काही पाडले किंवा बदलले, तर तो विषय बांधकामाचा राहणार नाही. मग घरातल्या इतर निर्णयांतही असेच होते का, हे आठवून पाहा आणि मला पुन्हा लिहा.