विहिरीला मीटर नाही, मग उपशाचा आकडा आला कुठून?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात उपग्रहावरून काढलेले आकडे येऊ लागल्यापासून सोलापूर भागातील कांदा आणि ऊस उत्पादक दोन प्रश्न वारंवार विचारत आहेत. पहिला प्रश्न असा, की विहिरीवर कोणी आले नाही आणि मोटारीला मीटर नाही, तरी रब्बीत शिवारातून किती पाणी उपसले हे कसे समजले? दुसरा असा, की एकाकडे ठिबक आहे आणि त्याचा शेजारी सरीतून मोकाट पाणी देतो, मग दोघांच्या उसाचा पाणीवापर जवळपास सारखा कसा दिसतो?

उपग्रहाला तुमची विहीर दिसत नाही, बोअर तर नाहीच. त्याला दिसते ते रानाचे तापमान. मार्च महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास भिजवलेल्या उसाच्या पानाला हात लावा आणि लगेच शेजारच्या नांगरटीच्या ढेकळावर तळहात ठेवा. पान गार लागते आणि ढेकूळ चटका देते. ऊन दोन्हीकडे सारखेच पडते, पण उसात त्यातील बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह मिळून दर आठ दिवसांनी, साधारण याच वेळेला, आपल्या डोक्यावरून जातात. त्यांनी टिपलेल्या तापमानाला हवामान केंद्रावरील ऊन, वारा व आर्द्रतेच्या नोंदींची जोड देऊन पिकातून आणि मातीतून रोज किती मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेले, याचा हिशेब मांडता येतो. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात.

भूजलाचा आकडा यातून थेट मिळत नाही, तो वजाबाकीने काढावा लागतो. समजा, एक एकर कांद्याचे हंगामभराचे बाष्पोत्सर्जन ४०० मिलिमीटर आले, अवकाळी पाऊस २० मिलिमीटर झाला, परतीच्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल ३० मिलिमीटर कामी आली आणि कालव्याचे आवर्तन मिळालेच नाही. मग उरलेले ३५० मिलिमीटर विहिरीचे. एकरात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर, म्हणून हे पाणी झाले १४ लाख लिटर. मोटारीने याहून जास्त पाणी काढलेले असणार, कारण वाफ्यातून खाली झिरपलेले पाणी या आकड्यात धरलेले नसते.

ठिबकच्या प्रश्नाचे उत्तर नेमके इथेच आहे. दोन्ही ऊस तजेलदार असतील आणि दोन्ही रानांत पाण्याचा ताण पडलेला नसेल, तर पाने हवेत सोडतात ते पाणी जवळपास सारखेच असते. ठिबकमुळे ओळींमधली जमीन कमी भिजते, उपसा घटतो, वीज व खत वाचते, आणि म्हणूनच आम्ही ठिबकचा आग्रह धरतो. पण मोकाट पाण्यातील जो भाग झिरपून पुन्हा विहिरीकडे येत होता, तोही ठिबकमुळे कमी होतो. अशा वेळी वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर शिवारातून कायमचे जाणारे पाणी वाढते आणि ठिबक असूनही विहिरी एप्रिलमध्येच तळ गाठतात. मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते, म्हणून ही गोष्ट जरा विस्ताराने सांगितली.

या मोजणीच्या मर्यादाही लक्षात घ्या. लँडसॅटचा तापमान टिपणारा मूळ चौकोन १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा असतो. चित्र पुढे ३० मीटरच्या, सुमारे नऊ गुंठ्यांच्या चौकोनात मिळत असले तरी वीस गुंठ्यांच्या कांद्याचे तापमान बांधापलीकडच्या पडीक रानात मिसळतेच. त्यामुळे गावाच्या शिवाराला हा आकडा उपयोगी आहे, पण दोन शेतांच्या भांडणात त्याला पुरावा मानू नये. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे मिळत नाहीत. सुदैवाने विहिरींवर खरा भार रब्बीत आणि उन्हाळ्यात असतो, तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. ग्रेस मालिकेतील उपग्रह गुरुत्वाकर्षणातील फरकावरून भूजलाची घट मोजतात आणि पंजाब, हरियाणा व राजस्थानातील मोठी घट त्यांनीच दाखवून दिली. मात्र त्यांची नजर शेकडो किलोमीटरची असल्याने आपल्या काळ्या कातळातील एका गावासाठी त्यांचा उपयोग नाही.

वजाबाकी खरी ठरायची असेल तर बाकीचे आकडे गावानेच द्यायला हवेत. पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवा, पाटाला पाणी आल्याच्या आणि बंद झाल्याच्या तारखा लिहा, ई-पीक पाहणीत पीक खरे नोंदवा. मोटारीच्या तोंडाशी दोनशे लिटरचा बॅरल धरून तो किती सेकंदांत भरतो ते पाहा. चाळीस सेकंद लागले तर तासाला १८,००० लिटर, आणि आठ तासांत १,४४,००० लिटर, म्हणजे एका एकरावर सुमारे ३६ मिलिमीटर पाणी झाले. ही नोंद प्रत्येक पाळीला वहीत करा आणि विहिरीची पातळी ऑक्टोबरमध्ये व मे अखेरीस दोरी सोडून मोजा. मोटार बंद करून रात्र उलटल्यावर, सकाळी पहिली पाळी सुरू करण्याआधी मोजलेली पातळीच धरावी.