दहा दिवसांत चर्चची उन्हाळी बायबल शाळा कशी उभी करायची? (नागपूर)

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हे सगळीकडे असंच होतं. पाळकसाहेब रविवारी उपासना संपता संपता जाहीर करून मोकळे होतात की मेच्या दुसऱ्या आठवड्यात व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, आहे, आणि सगळ्यांच्या माना संडे स्कूलच्या बाईंकडे वळतात. तुम्ही लिहिलंय की हातात दहा दिवस, पोट्टे पन्नास-साठ, मदतीला तिघीचौघी, पैशाचं कमिटी "बघू" म्हणते आणि तुम्ही स्वतः याआधी कधी घेतलेली नाही. मी नागपुरातच संडे स्कूल बघते म्हणून इथल्या हिशोबाने सांगते, पुण्या-मुंबईकडचं गणित वेगळं आहे.

पहिली गोष्ट, दहा दिवसांत दहा दिवसांची शाळा उभी राहत नाही, पाच दिवसांची राहते. सोमवार ते शुक्रवार, आणि रविवारी उपासनेत मुलांचा छोटा कार्यक्रम, बस्स. कुणी ज्येष्ठ म्हणतील की आमच्या वेळी दोन आठवडे चालायची, तर हो म्हणा आणि पाचच दिवस ठेवा. अर्धवट तयारीचे दहा दिवस म्हणजे तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं गायब आणि टीचर आपसात रुसलेल्या.

दुसरं म्हणजे वेळ. नागपुरात मे महिन्यात 45-46 डिग्री ही बातमी नसते, 2013 च्या मेमध्ये तर 47.9 झालं होतं. त्यामुळे सकाळी सात ते साडेनऊ, याच्या पुढे एक मिनिट नाही. दहाच्या आत पोरगं घरी पोचलं पाहिजे, डोक्याला रुमाल बांधून. नऊ ते बारा ठेवू म्हणणारे लोक भेटतील कारण त्यांना सकाळी उठवत नाही, त्यांचं ऐकू नका. 25 मेच्या आसपास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आत उरकायचं. हॉलमध्ये कूलर असेल तर त्यात पाणी भरायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून टाका, नाहीतर साडेसातला सगळे एकमेकांकडे बघत राहतात आणि कूलर नुसती गरम हवा फेकतो. आणि खिडक्या उघड्या ठेवा, बंद खोलीत कूलरने नुसता दमटपणा होतो. लाईट गेली तर काय, हे आधीच ठरवा. आवारात कडुनिंब असेल तर त्याच्या सावलीत दरी (सतरंजी) टाकायची.

हॉल नाही म्हणून अडून बसू नका हेही सांगते. 1898 मध्ये न्यूयॉर्कला एलायझा हॉज नावाच्या बाईंनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी अशी शाळा सुरू केली तेव्हा त्यांनी चक्क एक दारूचा गुत्ता भाड्याने घेतला होता, जागाच तशी मिळाली. आपल्याकडे निदान पार्किंगची शेड तरी असते.

आता माणसं. खरं काम इथेच आहे आणि दहातले पहिले तीन दिवस यातच जाऊ द्या, कागद-कात्री नंतर. मे म्हणजे लग्नसराई, अर्धं चर्च वऱ्हाडात, शिक्षक असलेल्यांचे पेपर तपासणं आणि ट्रेनिंग सुरू, कॉलेजवाले गावी. मग कोण उरतं? दहावी देऊन बसलेली पोरं! मार्चमध्ये परीक्षा संपते, निकालापर्यंत हाताला काम नाही, घरचे मोबाईलवरून ओरडत असतात. त्यांना घ्या. मेडिकलच्या नीट परीक्षेला बसणाऱ्यांना पण विचारा, ती साधारण मेच्या पहिल्या रविवारी होऊन जाते, त्यानंतर ती पोरं मोकळीच असतात. फक्त अशा पोरांना "मदत करा" असं मोघम सांगू नका, तू गेटवर रजिस्टर, तू खेळ, तू ढोलक, असं नाव घेऊन द्या. गोष्ट सांगणारी व्यक्ती मात्र मोठी हवी आणि पाचही दिवस एकच असली तरी चालेल, उलट बरं, मुलांना आवाजाची सवय होते. गोष्टवाली, गाणंवाला, हस्तकलेवाली, खेळवाला, नाश्ता-पाणीवाली, एवढी पाच डोकी पक्की झाली की शाळा झाली समजा.

माणसं कमी पडली तर शेजारच्या चर्चला विचारायला लाजू नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 साली सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झालं ते याच शहरात, मग आपल्याला एक ढोलकवाला आणि दोन टीचर मागायला काय हरकत आहे. ज्यांची व्हीबीएस एप्रिलमध्ये होऊन गेली त्यांच्याकडे उरलेले चार्ट, रंग, बॅनरचे बांबूसुद्धा असतात.

अभ्यासक्रमाचं सगळेच विचारतात. तयार पुस्तकं मिळतात, इंग्रजीत हिंदीत मराठीतही, चांगली असतात, पण आज ऑर्डर करून वेळेत येतील याचा भरवसा नाही आणि बहुतेक दहा दिवसांची असतात, ती पाचात कोंबायची म्हणजे नुसती धावपळ. इंटरनेटवरच्या अमेरिकन किटच्या तर नादीच लागू नका, त्यात स्टेजवर थर्माकोलचा बर्फाचा डोंगर उभारायला सांगतात, इथे घामाने कागद हाताला चिकटतोय. बायबल उघडा, एक सूत्र धरा आणि पाच गोष्टी काढा. मी तुमच्या जागी असते तर "बायबलमधली मुलं" घेतलं असतं. सोमवारी रात्री देवाची हाक ऐकणारा शमुवेल (1 शमुवेल 3), मंगळवारी टोपलीतल्या मोशेवर नजर ठेवणारी त्याची बहीण (निर्गम 2), बुधवारी सेनापती नामानाच्या घरची दासी पोरगी (2 राजे 5), गुरुवारी पाच भाकरी दोन मासळ्यांवाला मुलगा (योहान 6), शुक्रवारी येशूने मेलेली उठवली ती याइराची मुलगी (मार्क 5), जी बारा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या मोठ्या गटातल्या पोरींच्याच वयाची. गोफणीच्या दगडाचा दावीद-गल्याथ मुद्दाम सोडला, तो सगळ्यांना पाठ असतो आणि दुसऱ्या मिनिटाला पोट्टे एकमेकांना दगड मारायला लागतात.

एका दिवसाला एकच गोष्ट, आणि गाणं, खेळ, हस्तकला, वचन (पाठ करायची बायबलमधली ओळ) सगळं त्याच गोष्टीभोवती. म्हणजे बघा, शमुवेलाच्या दिवशी हॉलचे पडदे ओढायचे, मुलांना दरीवर डोळे मिटून आडवं करायचं, एक मुलगा समोर चादर घेऊन झोपलेला, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी हळू आवाजात हाक मारायची, "शमुवेल, शमुवेल". तो उठून एली याजक झालेल्या काकांकडे पळतो, काका म्हणतात मी नाही बोलावलं, जा झोप. दुसऱ्यांदा पोरं खुदखुदतात, तिसऱ्यांदा सगळा हॉल आपोआप चूप होतो, आणि तेव्हा "बोल, तुझा दास ऐकत आहे" हे वचन सांगायचं. वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही. भाकरीच्या दिवशी नाश्त्याला पोहे-बिहे नको, कुणाकडून तरी ज्वारीच्या भाकरी आणि चटणी मागवा, फडक्यात बांधून एका मुलाच्या हातात द्या, गोष्ट झाली की तोडून तोडून सगळ्यांना वाटा. बायबलातल्या जवाच्या होत्या, चालतं.

भाषेचं लक्षात ठेवा. आपल्याकडे घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, शिवाय काही मुलं मल्याळी नाहीतर तेलुगू घरातली. बरीच पोरं मराठी बोलतात झकास पण वाचताना अडखळतात. गोष्ट मराठीत सांगा, अडलं तिथे बिनधास्त हिंदी घाला, वचन मोठ्या अक्षरात कार्डशीटवर लिहून पाचही दिवस भिंतीवर राहू द्या. वचनं लहान निवडा. गाणी तीनच, हातवारे करून म्हणायची, रोज तीच. नवीन गाण्यांचा मोह आवरा.

सामान एका फेरीत होतं. इतवारी-गांधीबाग भागात होलसेलमध्ये पतंगी कागद, कार्डशीट, क्रेयॉन, फेविकॉल मिळून जातं, सीताबर्डीपेक्षा स्वस्त पडतं, पण सकाळी दुकान उघडताच जा. चकचकीत वस्तू नको, जुनी वर्तमानपत्रं आणि आइस्क्रीमच्या काड्या यावर अर्धी हस्तकला निघते, टोपली तर वर्तमानपत्राचीच विणा. नाश्ता घरोघरी वाटून द्या, एका दिवसाला दोन-तीन कुटुंबं, पैसे मागण्यापेक्षा "मंगळवारचा उपमा तुमच्याकडे" म्हटलं की लोक खुशीने करतात. अंड्याचं किंवा क्रीमचं काही नको, उन्हात लगेच खराब होतं. पन्हं, ताक, केळी उत्तम. पाण्याचे कॅन मोजून जास्तीचे सांगा, ओआरएसची पाकिटं पेटीत, आणि दर अर्ध्या तासाने घंटी वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला लावा, तहान लागली का असं विचारू नका, खेळात असलेलं पोरगं नाहीच म्हणतं.

आता जरा गंभीर. नाव नोंदवताना फॉर्मवर पालकांची सही, फोन नंबर, काही आजार किंवा अॅलर्जी, आणि न्यायला कोण येणार, हे घ्याच. शेजारपाजारची दुसऱ्या धर्माची मुलंही येतात, आनंदाने येऊ द्या, पण त्यांच्या आईवडिलांना समोरासमोर स्पष्ट सांगा की इथे बायबलमधल्या गोष्टी सांगतात, आणि त्यांची लेखी हो असेल तरच. लपवाछपवी अजिबात नको, ना त्यांच्याशी बरोबर ना चर्चसाठी. कुठलाही एकटा मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत नको, मग तो कितीही जुना सभासद असो. लहानग्यांना बाथरूमला न्यायला दोघीजणी. मुलांचे फोटो व्हाट्सॅप स्टेटसला टाकायचे नाहीत हे टीचर लोकांना पहिल्याच मीटिंगला सांगा. चार वर्षांखालचं मूल आई सोबत बसणार असेल तरच घ्या.

रविवारच्या कार्यक्रमाला पंधरा मिनिटं पुरतात. दोन गाणी, पाच वचनं, एक छोटी नाटुकली. सर्टिफिकेटवर नावं छापण्याआधी रजिस्टर पालकांना दाखवा, नाव चुकलं की आया तीन महिने विसरत नाहीत.

आणि पाच माणसं जमतच नसतील, तर एक रस्ता आहे जो बाकी महाराष्ट्राला नाही. आपल्या विदर्भात स्टेट बोर्डाच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. जूनच्या मधल्या आठवड्यात, लग्नं आटोपलेली, गावी गेलेले परतलेले, नशीब असेल तर एखादी सर पण पडून गेलेली, तेव्हा आरामात घेता येते. फक्त सीबीएसईवाल्यांच्या तारखा आधी विचारून घ्या, आणि तारीख बदलायची तर पाळकसाहेबांशी आजच बोला, बॅनर छापायला गेला की मग कुणी ऐकत नाही.