कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये एकच दिवस मोकळा आहे. वापरातला बौद्ध विहार आणि खेड्यातली शाळा, दोन्ही बघून होईल का?

होईल, आणि कदाचित एकाच आवारात. कंबोडियात खेड्यातल्या कितीतरी प्राथमिक शाळा 'वाट'च्या, म्हणजे विहाराच्या, आवारातच भरतात. पूर्वी पोरं लिहायला-वाचायला भिक्खूंकडेच जायची, त्यातून हे आलेलं.

मी टुकटुक ठरवून सकाळीच रोलुओसला गेलो, शहरापासून साधारण 13 किलोमीटर. तिथलं बाकोंग हे पाच टप्प्यांचं दगडी शिवमंदिर पहिल्या इंद्रवर्मनने 881 मध्ये उभारलं. (अंगकोरच्या प्राचीन मंदिरांचाच पास इथे चालतो, एका दिवसाचे 37 डॉलर.) पण मी रमलो ते त्याच्याच खंदकाच्या आतल्या विहारात. गावातल्या एका कुटुंबाने भोजनदान आणलं होतं आणि भिक्खूंचं पठण चाललं होतं. 'नमो तस्स भगवतो अरहतो' कानावर पडलं आणि मी जागीच थांबलो. आमच्या घरात रोज म्हणतात ती वंदना! उच्चार खमेर, म्हणजे तिथल्या भाषेच्या, वळणाचे, शब्द तेच. विहाराचे रंग भडक, नवेकोरे वाटतील. नाक मुरडू नका. 1975 ते 1979 या खमेर रूज नावाच्या कट्टर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात भिक्खूंना चीवर उतरवायला लावलं, विहारांचे तुरुंग केले. आज दिसतं त्यातलं बरंचसं त्यानंतर उभं राहिलंय.

खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर, आणि बसताना पाय मूर्तीकडे नकोत. बायकांनी भिक्खूंच्या हातात थेट काही देऊ नये, समोर ठेवावं.

शाळेचं मात्र जपून. परक्या माणसाने तास चालू असताना वर्गात घुसणं तिथेही कुणाला आवडत नाही. 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे' अशी मोहीमच त्या देशात चालवावी लागली आहे. मी गेलो ते टुकटुकवाल्याच्या गावच्या शाळेत, त्याने आधी विचारून ठेवलं होतं म्हणून. शहाणपणा करून चॉकलेटं नेली होती. सरांनी हसून डबा घेतला आणि सरळ कपाटात ठेवला. कॅमेरा मग मी बाहेर काढलाच नाही. बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात, त्यामुळे अकराच्या आत पोचा, नाहीतर थेट दुपारी जा.

फळ्यावरचं एक अक्षर मला लागेना. तेवढ्यात पोरं एका सुरात म्हणू लागली: कॉ, खॉ, को, खो, ङो. अरे, हे तर आपलं क ख ग घ ङ! खमेर लिपी दक्षिणेतल्या पल्लव लिपीतून आली, म्हणून क्रम तोच. शाळेला ते 'साला' म्हणतात (पहिल्यांदा ऐकून दचकलोच) आणि सरांना 'लोक क्रू', त्यातला 'क्रू' म्हणजे गुरू.

सरांनी खडू माझ्या हातात दिला. क ते घ झोकात लिहिलं, ङपाशी अडलो. पहिलीनंतर मी तो कधी लिहिलाच नव्हता. त्या पोरांना तो रोज लागतो.