रोज तेच ते केल्याने सर्जनशीलता वाढते की मरते?

तुम्ही रोज सकाळी ठरलेल्या वेळी कविता लिहायला बसता, पण हल्ली सगळ्या कविता एकसारख्या वाटतात. तेव्हा हा नेम मोडावा का, असा तुमचा प्रश्न. कवितेतलं मला फारसं कळत नाही. मी गाणं शिकलोय, थोडंफार शिकवतो, आणि आमच्याकडे सगळा कारभार घोटण्यावरच चालतो. तेव्हा त्या बाजूने सांगतो.

नेम मोडू नका. "आज बसू की नको" हा रोजचा वाद मिटतो, एवढा फायदा मला पुरेसा वाटतो. पहाटेच उठून खर्ज (खालचे स्वर) लावला पाहिजे वगैरे मात्र मी म्हणणार नाही. नोकरी करून रात्री तंबोरा जुळवणारी, उत्तम गाणारी माणसं आहेत (शेजारी चांगले हवेत, इतकंच).

खरी मेख काय घोटता यात आहे. आमच्याकडे मेरखंड म्हणून प्रकार आहे. मोजके स्वर घ्यायचे आणि त्यांचे होतील तेवढे क्रम गायचे. सा रे ग यांचे सहा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चार स्वरांचे २४, पाचांचे १२०, सातांचे ५०४०. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये हा हिशेब मांडून ठेवलाय. करायला अतिशय कंटाळवाणं काम. पण मुलांना मोकळं सोडलं की बहुतेक जण सा वरून निघतात आणि सरळ वर चढतात. 'गसारे' सहसा कुणाला आपणहून सुचत नाही. ते घोटून घोटून गळ्यात बसलं की मग कधीतरी आलापात न बोलावता येतं, आणि ऐकणारा म्हणतो, वा, काय सुचलं! भेंडीबाजार घराण्याने मेरखंडावर भर दिला. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची गायकीही याच साधनेतून घडली. त्यांचा झूमरा तालातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ऐका. चार स्वरांत किती वेळ रमतात, आणि गणिताचा वासही येत नाही.

पण ही यादी पाठ झाली म्हणजे राग गाता आला, असं नाही. भूप आणि देसकार हे दोन राग घ्या, दोन्हींचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. म्हणजे १२० क्रमांची यादी दोघांना सारखीच. भूपाचा जीव गंधारात (ग), देसकाराचा धैवतात (ध). यादीच्या भरवशावर गायला बसलात आणि धैवतावर जरा जास्त रेंगाळलात, की रात्रीच्या भूपात सकाळचा देसकार शिरलाच. कुठे थांबायचं, कोणता क्रम टाकून द्यायचा, हे घोकून कळत नाही. ते भरपूर ऐकून आणि गुरूची बोलणी खाऊन येतं. परीक्षेसाठी वहीत लिहून घेतलेल्या ताना पाठ करणारे विद्यार्थी बिनचूक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतात, आणि पुढे कित्येक वर्षं त्याच तानांनी समेवर येत राहतात. गळा सवयीने पळतो, डोकं सुट्टीवर. तुमच्या कवितांचंही असंच काहीसं झालं असावं, असा माझा अंदाज. त्यात बिचाऱ्या सकाळच्या वेळेचा काय दोष?

मी विद्यार्थ्यांना मधूनच एखादी मनाई घालतो. आज षड्जावर (सा) मुक्काम करायचा नाही, किंवा एकही तान सरळ चढायची नाही. सुरुवातीला फजिती होते, काही जण चिडतातही. मग नाइलाजाने गळा नव्या जागा शोधायला लागतो.

तुम्ही अलीकडच्या आठ-दहा कविता समोर घ्या. पहिली ओळ कशी सुरू होते, कोणत्या प्रतिमा पुन्हा पुन्हा येतात, शेवट कुठल्या वळणाने करता, लाल पेनने खुणा करा. वेळ तीच ठेवा आणि महिनाभर या सगळ्या गोष्टी वर्ज्य. पाऊस असेल तर पाऊस वर्ज्य. (असणारच.)