निवडुंग खरंच रात्री ऑक्सिजन देतो का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं की स्नेक प्लांट आणि निवडुंग रात्री ऑक्सिजन सोडतात, नासानेही म्हटलंय म्हणे. मिस्टरांनी लगेच नर्सरीतून चार कुंड्या आणून बेडरूममध्ये मांडल्या. त्यातला एक फड्या निवडुंग आहे आणि परवा रात्री अंधारात माझा हात त्याला लागला. बारीक काटे अजून निघत नाहीयेत. मुळात हे ऑक्सिजनचं खरं आहे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, आधी हाताचं बघू. मोठे काटे चिमट्याने निघतात, खरा वैताग असतो तो त्यांच्या बुडाशी असलेल्या तपकिरी कुसळांचा, केसापेक्षा बारीक आणि वर उलटे दाते, त्यामुळे आत जातात सहज पण बाहेर यायला तयार नाहीत. चोळू नका आणि दातांनी तर अजिबात ओढू नका, जिभेत गेली तर पुढचे दोन दिवस काही खरं नाही. चांगल्या उजेडात चिमट्याने दिसतील तेवढी काढा, उरलेल्यांवर फेव्हिकॉलचा पातळ हात आणि त्यावर गॉझचा तुकडा, पूर्ण वाळला की सोलून काढा, बरीचशी त्याबरोबर येतात.

आता फॉरवर्ड. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर एवढं चाललं. बाकीची झाडं दिवसा पानांवरची बारीक भोकं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडी ठेवतात, त्यातून कार्बन डायऑक्साईड आत येतो पण पाणीही उडून जातं. दुष्काळी मुलखात भर उन्हात दार उघडं टाकणं परवडणार कसं? म्हणून निवडुंग रात्री गारव्याला दार उघडतो, कार्बन डायऑक्साईड आत घेतो आणि मॅलिक ॲसिड करून पेशींत साठवून ठेवतो (सफरचंदाचा आंबटपणा मुख्यतः याच ॲसिडचा). उजाडलं की दारं बंद, आणि मग उन्हाच्या जोरावर त्या साठ्यातून साखर. पहाटे मार्केट यार्डातून माल भरायचा आणि दिवसभर शटर ओढून आत स्वयंपाक करायचा, तसं. स्नेक प्लांट, अननस, ड्रॅगन फ्रूट, सगळे याच जातकुळीतले.

म्हणजे रात्री कार्बन डायऑक्साईड घेतात हे बरोबर. पण ऑक्सिजन त्यातून निघत नाही, तो निघतो पाण्यातून, आणि पाणी फोडायला उजेड लागतो. दिवा बंद केला की ते काम बंद, निवडुंग असो नाहीतर वड. आणि नासाचं म्हणाल तर १९८९ चा त्यांचा तो अभ्यास बंद पेटीत झाडं ठेवून बेंझिन, फॉर्मल्डिहाईडसारखी द्रव्यं किती कमी होतात याचा होता, झोपेतल्या ऑक्सिजनचा त्यात विषयच नाही. कुंड्या बाल्कनीत हलवा, निवडुंगालाही ऊन मिळेल.

बरं, या रात्रपाळीचा एक जुना धागा आपल्या देशातला आहे. बेंजामिन हाइने नावाचा कंपनी सरकारच्या नोकरीतला वनस्पतीतज्ज्ञ दक्षिण भारतात होता, त्याने पानफुटीचं पान सकाळी चावून बघितलं तर आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी जवळजवळ कडसर. हे त्याने एका पत्रात लिहून कळवलं आणि ते १८१५ साली छापून आलं. तुम्ही चावू नका, पानफुटी जास्त पोटात गेली तर हृदयाला त्रास देऊ शकते. त्यापेक्षा लॅबच्या दुकानातून आंबटपणा दाखवणारा पीएच पेपर आणा. मी पहाटे सहाला पानाचा तुकडा ठेचून पट्टी लावली तर केशरी-लाल, म्हणजे आंबट, त्याच झाडाचं दुसरं पान संध्याकाळी पाचला ठेचलं तर पिवळट. मुलांना हा प्रयोग फॉरवर्डपेक्षा जास्त आवडेल, गॅरंटी.

प्रश्न : सासवडला आमच्या बांधावर फड्या निवडुंग आहे, त्यावर कापसासारखे पांढरे पुंजके आलेत. बुरशी आहे का? औषध मारू का? (शेतकरी वाचक)

उत्तर : दादा, काडीने एक पुंजका कागदावर घेऊन चिरडा. गर्द लाल डाग पडला, अगदी कुंकू कालवल्यासारखा, तर ती बुरशी नाही, कोचिनील किडा आहे. मेक्सिकोत लोक याच्याच एका जातीपासून शतकानुशतकं लाल रंग काढत आलेत, आजही खाण्याच्या रंगात ई १२० म्हणून जो येतो तो हाच.

इथे आला कसा त्याची गंमत आहे. तो रंग स्पेनच्या ताब्यात, कंपनी सरकारला हवा होता. १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाच्या माणसाने ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले, पण जात चुकली! रंग अगदीच सुमार निघाला, निवडुंग मात्र त्यांनी फडशा पाडून खाल्ला. किड्याने तण मारल्याचं हे जगातलं पहिलं मोठं उदाहरण मानतात, आणि ते झालं चुकून. मग १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरी जात मुद्दाम आणली, पहिलीने न खाल्लेल्या निवडुंगासाठी.

कारण फड्या निवडुंग मूळचा आपला नाहीच, अमेरिका खंडातला. आपले ते थोर आणि तीनधारी, मोडलं की पांढरा चीक येतो ते, वेगळ्याच कुळातले. नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या नावातला निवडुंग यातला कुठला, यावर आमच्या ऑफिसात अख्खी दुपार गेली, निकाल नाही. कुंपण टिकवायचं असेल तर पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं पाणी, फार भरलेले फडे कापून पुरून टाका. नकोच असेल तर किड्याला त्याचं काम करू द्या, औषधाचा खर्च कशाला.

प्रश्न : टेकडीवर कातळातलं गवत मे महिन्यात वाळून कोळ झालेलं असतं, वळवाची एक सर आली की दोन दिवसांत हिरवं. तेच जगतं की नवीन उगवतं? (एक आजोबा, एरंडवणे)

उत्तर : आजोबा, दोन्ही होतं, पण काही झाडांचं वाळलेलं तेच पान परत हिरवं होतं. निवडुंग पाणी साठवून तगतो, ही उलट अंगातलं ९५ टक्क्यांपर्यंत पाणी सोडून देतात आणि तशीच पडून राहतात. आपल्याच पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतल्या मंडळींनी २०२३ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ जाती नोंदवल्या, आधी नऊच माहीत होत्या. ट्रायपोगॉन नावाचं बारीक गवत त्यात आघाडीवर. तुमचं गवत कुठलं ते असं कळेल : एप्रिलमध्ये एका वाळक्या पात्याला लाल दोरा बांधून या, उपटू नका, आणि वळवानंतर दोन दिवसांनी जाऊन बघा. दोऱ्यातलं पातं हिरवं झालं असेल तर फोटो नक्की पाठवा.