वाचकांचे प्रश्न : नसलेल्या तटाभोवतीचे व्हिएन्ना

युरोपच्या प्रवासावरील मागील लेखानंतर व्हिएन्नाविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. समान आशयाच्या पत्रांना स्वतंत्र उत्तरे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी मे महिन्यात तीन दिवस व्हिएन्नात असू. आम्हाला मिळालेल्या यादीत बावीस ठिकाणे आहेत. तीन दिवसांत ती सगळी होतील का? नसतील, तर काय गाळावे?

उत्तर : सगळी होतील, पण त्यांतले एकही पाहिल्यासारखे वाटणार नाही. व्हिएन्नातले राजवाडे, चर्च आणि पुतळे एकामागून एक नजरेखालून गेले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एकमेकांत मिसळू लागतात. सोनेरी दालन नेमके कुठले होते आणि घुमट कुठला होता, हे छायाचित्रे पाहूनही सांगता येत नाही. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. म्हणून माझी विनंती अशी, की यादी बाजूला ठेवावी आणि आज अस्तित्वात नसलेल्या एका वास्तूपासून, म्हणजे या शहराच्या तटापासून सुरुवात करावी.

मधले जुने शहर शतकानुशतके भक्कम तटाच्या आत होते. 1529 आणि 1683 असे दोनदा तुर्कांचे वेढे त्याने सोसले, आणि दुसरा वेढा 12 सप्टेंबर 1683 रोजी पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि त्याचे मित्रसैन्य कालेनबेर्गच्या टेकड्यांवरून उतरल्यावर उठला. तटाबाहेर मोकळे मैदान राखलेले होते, कारण शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तेथे बांधकामाला मनाई होती. पुढे तोफा बदलल्या, नेपोलियनच्या सैन्याने 1809 मध्ये तटाचा काही भाग सुरुंगाने उडवलाही, तरी उरलेला तट उभाच राहिला. अखेर डिसेंबर 1857 मध्ये सम्राट फ्रांत्स योसेफ याने तो पाडण्याचा हुकूम काढला, आणि त्या तटाच्या व मैदानाच्या जागी जो रुंद रस्ता झाला, तोच आजचा रिंगश्ट्रासे. 1 मे 1865 रोजी त्याचे उद्घाटन झाले.

एवढे ध्यानात ठेवले की शहराचा नकाशा आपोआप उलगडतो. रिंगच्या आत जे आहे ते जुने, गल्लीबोळांचे आणि दाटीचे. रिंगवर जे आहे ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, ऐसपैस. आणि बेल्व्हेडेर किंवा शोनब्रुन यांसारखे बागांचे वाडे बाहेर आहेत, कारण 1683 चे संकट टळल्यावरच सरदारांना आणि राजघराण्याला तटाबाहेर निर्धास्तपणे बांधता आले. पहिला दिवस आतल्या शहराला द्यावा, दुसरा रिंगला आणि तिसरा बाहेरच्या एकाच वाड्याला. यात यादीतले निम्मे गळेल, पण त्याची खंत करू नये.

तटाचा एक तुकडा आजही पाहता येतो. विद्यापीठाच्या समोरच्या बाजूला म्योल्कर बास्टाय नावाचा जुन्या बुरुजाचा उंचवटा आहे. रिंगवरून काही पायऱ्या चढून वर गेले की खालची ट्राम एकदम दूरची वाटू लागते आणि आपण दगडी फरसबंदीच्या शांत गल्लीत असतो. तेथील एका घरात वरच्या मजल्यावर बेथोव्हन 1804 पासून अनेक वर्षे येऊन-जाऊन राहिला, आणि ‘फिडेलिओ’ या आपल्या एकमेव ऑपेरावर त्याने तेथे काम केले. त्याच्या काळी खिडकीखाली तट आणि पलीकडे मोकळे मैदान होते. आता समोर विद्यापीठाची भव्य इमारत आहे. शहर किती बदलले, हे समजायला त्या पायऱ्या चढून-उतरून पाहणे पुरेसे आहे.

प्रश्न : रिंगवर ग्रीक मंदिरासारखी संसद, गॉथिक चर्चसारखे नगरभवन आणि इटालियन वाड्यासारखे विद्यापीठ आहे, पण हे सगळे जेमतेम दीडशे वर्षांपूर्वीचे. मग ही जुन्याची नक्कलच नव्हे का? तिला ऐतिहासिक म्हणून का पाहावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. त्या काळातही पुष्कळांनी ती घेतली होती. तरीही मला ही नक्कल वाटत नाही, कारण प्रत्येक शैली एक अर्थ सांगण्यासाठी निवडलेली होती. संसदेचा वास्तुरचनाकार टेओफिल हान्सेन तरुणपणी आठ वर्षे अथेन्समध्ये राहिलेला होता. लोकशाहीचा उगम जेथे झाला, तेथील स्तंभ त्याने 1874 ते 1883 या काळात व्हिएन्नात उभे केले, आणि हे लोकप्रतिनिधींचे सभागृह एका सम्राटाच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर होते, हे विसरू नये. नगरभवनासाठी फ्रीडरिश फॉन श्मिट याने गॉथिक शैली घेतली, कारण मध्ययुगातील स्वायत्त व्यापारी शहरांच्या नगरभवनांची आठवण तिच्यात होती. विद्यापीठाला प्रबोधनकाळाचे रूप मिळाले, कारण तो विद्येच्या पुनरुज्जीवनाचा काळ. एकाच रस्त्यावर संसद, नगरभवन आणि विद्यापीठ शेजारी-शेजारी येतात आणि प्रत्येक जण आपला पूर्वज निवडून उभा आहे. एका समाजाला आपण कोण व्हावे असे वाटत होते, त्याचा हा दगडी दस्तऐवज आहे, आणि त्या अर्थाने तो अस्सल आहे.

या सगळ्याला पैसा कोठून आला, हेही जाणून घ्यावे. तट पाडून मोकळी झालेली जमीन खासगी मालकांना विकली गेली आणि त्या रकमेतून सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. घेणाऱ्यांत बँकर आणि उद्योजक होते, त्यांत अनेक ज्यू घराणी होती. संसदेशेजारचा एप्श्टाइन वाडा आणि विद्यापीठासमोरचा एफ्रुसी वाडा ही त्यांची ठळक उदाहरणे, आणि हे दोन्ही वाडेही हान्सेननेच रचलेले. एफ्रुसी कुटुंबाचा वाडा 1938 मध्ये नाझींनी बळकावला. रिंगवरून चालताना ही गोष्ट मनातून जात नाही.

ऑपेराच्या इमारतीपाशी मात्र मी नेहमी थोडा थांबतो. ती बांधत असताना समोरच्या रस्त्याची पातळी सुमारे एक मीटरने वाढवली गेली, इमारत खचल्यासारखी दिसू लागली आणि शहरभर तिची टिंगल झाली. तिचे दोन वास्तुरचनाकार होते. त्यांपैकी फान डेर न्युल याने एप्रिल 1868 मध्ये आत्महत्या केली, आणि त्याचा सहकारी सिकार्ड्सबुर्ग त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी आजाराने गेला. 25 मे 1869 रोजी ‘डॉन जोव्हानी’ने ऑपेराचे दार उघडले, तेव्हा दोघेही हयात नव्हते. मार्च 1945 मधील बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह जळाले, पण दर्शनी भाग व मुख्य जिना वाचला. 5 नोव्हेंबर 1955 रोजी ते पुन्हा सुरू झाले ते ‘फिडेलिओ’ने, म्हणजे त्या बुरुजावरच्या घराशी जोडलेल्या ऑपेराने. आत जाण्यासाठी महागडे तिकीट लागतेच असे नाही. उभे राहून पाहण्याच्या जागा असतात आणि त्यांचे दर अगदी थोडे असतात.

प्रश्न : हॉफबुर्ग आणि शोनब्रुन यांपैकी एकच पाहायचे असेल, तर कोणते?

उत्तर : राजसत्ता कशी चालत होती, हे पाहायचे असेल तर हॉफबुर्ग आणि राजघराणे कसे राहत होते, हे पाहायचे असेल तर शोनब्रुन, असे साधारणपणे म्हणता येईल. हॉफबुर्ग म्हणजे सम्राटाचा जुन्या शहरातील राजवाडा. त्यातील खजिन्यात दहाव्या शतकातील पवित्र रोमन साम्राज्याचा अष्टकोनी मुकुट आहे, आणि त्याच परिसरातील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भव्य दालनात सुमारे दोन लाख जुने ग्रंथ आहेत. हे दालन जवळजवळ 80 मीटर लांब आहे. ग्रंथप्रेमी असाल, तर येथेच जावे आणि दुसरा विचार करू नये.

पण भारतीय पाहुण्याला मी शोनब्रुनच सुचवीन, आणि तेही एका खोलीसाठी. वाड्यात 1,441 खोल्या आहेत असे सांगतात. त्यांतील ‘मिलिओनेनत्सिमर’, म्हणजे लाखमोलाची खोली, ही अठराव्या शतकातील हाब्सबुर्ग राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्या काळातली असून तिच्या भिंती गडद, मौल्यवान लाकडाने मढवल्या आहेत. त्या लाकडावर सोनेरी वेलबुट्टीच्या साठ चौकटी आहेत आणि चौकटींच्या आत मुघल लघुचित्रे आहेत. दरबार, शिकार, बागेत बसलेल्या स्त्रिया, हत्ती असे सगळे त्यांत आहे. जवळून पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. चौकटींचे आकार वेडेवाकडे, रोकोको पद्धतीचे आहेत, आणि त्यांत बसावीत म्हणून राजघराण्यातील मंडळींनी ही चित्रे कात्रीने कापली, एका चित्रातील माणूस दुसऱ्यातील झाडाशेजारी चिकटवला आणि नवीच दृश्ये तयार केली. माझ्या मनात तेथे राग आणि कौतुक एकदमच आले. एखाद्या चित्रकाराने केसाएवढ्या बारीक कुंचल्याने रंगवलेली पाने अशी कापली जावीत, याचे वाईट वाटते; पण त्याच कात्रीमुळे ती अडीचशे वर्षे एका राजवाड्याच्या भिंतीवर टिकून राहिली, हेही खरेच. तिकिटांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि लहान फेरीत सर्व खोल्या येत नाहीत, म्हणून ही खोली आपल्या फेरीत आहे ना, हे तिकीट घेण्यापूर्वीच पाहून घ्यावे. मी पहिल्या खेपेस ते पाहिले नव्हते आणि ही खोली हुकली होती.

जवळच नेपोलियनची खोली आहे. 1805 आणि 1809 मध्ये त्याने या वाड्यात मुक्काम केला होता, आणि त्याचा मुलगा येथेच 1832 मध्ये वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी वारला. त्या मुलाने पाळलेला चंडोल पक्षी पेंढा भरून तेथे ठेवलेला आहे. साम्राज्याच्या एवढ्या थाटात तो मूठभर पक्षी मनाला चटका लावून जातो.

दर्शनाची वेळ ठरवलेली तिकिटे आधीच काढावीत आणि सकाळची पहिली वेळ घ्यावी. तेथे जाण्यास भुयारी रेल्वेची यू-4 ही मार्गिका सोयीची आहे. रेल्वेच्या तिकिटावर यंत्रात वेळेचा शिक्का मारावा लागतो का, हे आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : आमच्यासोबत बारा वर्षांची मुलगी आहे. हाब्सबुर्ग राजघराण्याचे तळघरातील दफनस्थान तिला दाखवावे का?

उत्तर : ती शवपेट्यांना घाबरत नसेल, तर अवश्य दाखवावे. कापुचिन चर्चखालील या तळघरात राजघराण्यातील सुमारे दीडशे व्यक्ती आहेत. मारिया थेरेसा आणि तिचा पती यांची दुहेरी शवपेटी एखाद्या दालनाएवढी असून तिच्यावर ती दोघे झोपेतून उठून एकमेकांकडे पाहत आहेत, आणि तिच्या समोरच त्यांचा मुलगा दुसरा योसेफ याची साधी, नक्षी नसलेली तांब्याची पेटी आहे. आई आणि मुलगा यांच्या स्वभावांतला फरक मुलीला समजावून सांगायला दुसरी जागा शोधावी लागणार नाही. पूर्वी या घराण्यात अनेकांची हृदये ऑगुस्टिनर चर्चमध्ये आणि आतडी सेंट स्टीफनच्या तळघरात वेगळी ठेवत असत. हे सांगायचे की नाही, ते आपण ठरवावे.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात, त्यामुळे सेंट स्टीफन कॅथेड्रलचा मनोरा चढणे शक्य नाही. खालून काय पाहता येईल? शहरात दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा कोठे आहेत, हेही सांगावे.

उत्तर : दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वास्तूत सुरू होतात, म्हणून एकत्र देत आहे. 343 पायऱ्या आहेत त्या दक्षिण मनोऱ्याला. 136 मीटर उंचीचा हा मनोरा 1433 मध्ये पुरा झाला. उत्तरेकडचा मनोरा अर्धवट राहिला, पण त्याला उद्वाहन आहे, आणि त्यातून वर गेले की रंगीत कौलांचे उतरते छप्पर अगदी जवळून दिसते. त्याच मनोऱ्यात ‘पुमेरिन’ ही सुमारे 20 टन वजनाची घंटा टांगलेली आहे. मूळ घंटा 1683 मध्ये तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफांच्या धातूतून 1711 मध्ये ओतली होती. एप्रिल 1945 मध्ये, लढाईच्या अखेरच्या दिवसांत, जवळच्या दुकानांना लागलेली आग वाऱ्याने छपरापर्यंत पोहोचली, लाकडी सांगाडा कोसळला आणि घंटा खाली पडून फुटली. तिच्याच तुकड्यांतून 1951 मध्ये नवी घंटा ओतली गेली. छपराचा सांगाडा आता पोलादी आहे.

युद्धाच्या इतर खुणांसाठी हॉफबुर्गच्या बाहेरील हेल्डेनप्लात्स या पटांगणात जावे. 15 मार्च 1938 रोजी तेथील नव्या राजवाड्याच्या सज्जातून हिटलरने प्रचंड जमावासमोर ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्याचे जाहीर केले होते. तेथून पायी पंधरा मिनिटांवर यूडेनप्लात्स हा छोटा चौक आहे. तेथील 2000 सालचे स्मारक म्हणजे काँक्रीटचे एक बंद ग्रंथालय आहे. सगळी पुस्तके पाठ आत करून ठेवलेली असल्यामुळे एकाचेही नाव वाचता येत नाही, आणि दाराला मूठ नाही. मारल्या गेलेल्या 65,000 हून अधिक ऑस्ट्रियन ज्यूंच्या स्मृतीसाठी ते उभारले आहे. त्याच चौकाखाली मध्ययुगीन सिनेगॉगचा पाया सापडला असून ते सिनेगॉग 1421 च्या सुमारास उद्ध्वस्त करण्यात आले होते.

परतताना कॅथेड्रलच्या मुख्य दारापाशी पुन्हा थांबावे. दाराच्या डाव्या बाजूला भिंतीत कापड मोजण्याचे दोन लोखंडी गज बसवलेले आहेत. व्यापाऱ्याने मापात फसवले असे वाटले, तर गिऱ्हाईक येथे येऊन पडताळून पाहू शकत असे. उजव्या बाजूच्या दगडावर ‘ओ’ हे अक्षर आणि 5 हा आकडा कोरलेला आहे. पाचवे रोमन अक्षर ‘ई’, आणि ‘ओ’ व ‘ई’ मिळून जर्मन भाषेतील ऑस्ट्रियाच्या नावाचा पहिला स्वर होतो. ते नाव नकाशावरून पुसले गेले होते, तेव्हा नाझींविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्यांनी ही खूण त्या भिंतीवर मुळात रंगवली होती. ती डोळ्यांच्या उंचीला आहे, तिच्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही.