विमान सापडतं, मग पायलट का नाही?

प्रश्न: सर, इजिप्तच्या वाळवंटात पडलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या एका विमानाचा फोटो बघितला, ७० वर्षांनी सापडलं म्हणे आणि तेही जवळजवळ अख्खं, पण पायलटचा पत्ता नाही. विमान एवढं शाबूत राहिलंय म्हणजे माणूस जिवंत उतरला असणार ना? मग गेला कुठे?

उत्तर: तुम्ही बघितलात तो फोटो बहुतेक किटीहॉक नावाच्या लढाऊ विमानाचा असणार. पायलटचं नाव डेनिस कॉपिंग, ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या २६० स्क्वॉड्रनमधला फ्लाइट सार्जंट, वय २४. तारीख २८ जून १९४२. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, हा पोरगा त्या दिवशी लढायला निघालाच नव्हता. विमानाची चाकं वर जात नव्हती म्हणून ते रिपेअरसाठी दुसऱ्या तळावर नेऊन सोडायचं, एवढंच काम होतं. वाटेत दिशा चुकली. सोबत दुसऱ्या विमानात एक पायलट होता, त्याने खाणाखुणा करून सांगायचा प्रयत्न केला की बाबा आपण भलतीकडे चाललोय, पण कॉपिंग काही वळला नाही आणि शेवटी त्या दुसऱ्याला आपला रस्ता धरावा लागला.

तुमचा अंदाज बरोबर आहे, तो जिवंत उतरला होता. २०१२ मध्ये तेलाच्या कामासाठी तिकडे गेलेल्या एका पोलिश माणसाला हे विमान दिसलं तेव्हा प्रोपेलर तुटून पडलेला, अंगावरचा रंग वाऱ्या-वाळूने घासून घासून पार गेलेला, पण कॉकपिटमधले वेग-उंची दाखवणारे डायल जागच्या जागी आणि बंदुकांच्या गोळ्यासुद्धा तशाच (त्या मग इजिप्तच्या लष्कराने काढून नेल्या). ओलावा नाही तर गंज कुठून येणार, त्यामुळे वाळवंटात धातू टिकतो. पण मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट विमानात नाही, बाहेर आहे. बाजूला पॅराशूटचं कापड सापडलं, म्हणजे उन्हासाठी त्याने आडोसा केला असणार, आणि रेडिओ आणि बॅटरी विमानातून काढून बाहेर ठेवलेल्या. एकटा माणूस, जूनचं ऊन, आणि तो रेडिओ चालू करायची खटपट करत बसलाय हे डोळ्यासमोर आणून बघा. जवळची वस्ती ३०० किलोमीटरच्या पलीकडे होती. पाण्याशिवाय तिथल्या उन्हात माणूस दोन-तीन दिवस काढेल फार तर, त्यामुळे रेडिओने दगा दिल्यावर तो चालत निघाला असावा असंच सगळे मानतात.

विमान सोडून जायला नको होतं असं घरी बसून म्हणणं सोपं आहे. वरून शोधणाऱ्याला विमान दिसतं, माणूस दिसत नाही, हे खरंच आहे. पण त्याला शोधायला येणार कोण होतं? तारीख परत बघा. २१ जूनला लिबियातलं तोब्रुक बंदर पडलं होतं, २९ ला इजिप्तमधलं मर्सा मत्रूह गेलं, जर्मन सेनापती रोमेल मागे लागलेला, ब्रिटिश सैन्य आणि त्यांचे विमानतळ सगळं इजिप्तमधल्याच अलामीनकडे मागे सरकत होतं. त्या धावपळीत एका नादुरुस्त विमानासाठी कोण थांबणार.

आता तुमचा मूळ मुद्दा, विमान ओळखता आलं आणि माणूस का नाही. अहो, विमानाला नंबर असतो! याचा सिरीयल नंबर ईटी ५७४, वर स्क्वॉड्रनची अक्षरं एचएस आणि विमानाचं बी, रजिस्टर उघडलं की त्या दिवशी कोण उडवत होतं ते लगेच कळतं. अमेरिकन लोकांनी तर १९४३ पासून बेपत्ता विमानाच्या रिपोर्टमध्ये इंजिनाचा आणि एकेका मशीनगनचाही नंबर लिहायला सुरुवात केली, त्यामुळे समुद्रातून एखादी गंजकी बंदूक वर आली तरी विमान कुठलं ते सांगता येतं. माणसाची हाडं नुसती हाडं असतात, आधी ती सापडायला पाहिजेत आणि मग डीएनए जुळवायला नातेवाईक पाहिजे, तोही बऱ्याचदा आईकडचा लागतो. वाळवंटात विमानापासून चालत निघालेला माणूस कुठल्या दिशेला आणि किती लांब गेला, कुठे म्हणून उकरणार?

ते विमान आता अलामीनच्या युद्ध म्युझियममध्ये आहे, वर नवाकोरा रंग फासून. मला विचाराल तर वाळूने खरवडलेलं होतं तेच बरं होतं. कॉपिंगचं नाव अलामीनच्याच स्मारकावर आहे, ज्यांची कबर माहीत नाही त्या ३,००० हून जास्त वायुसैनिकांमध्ये.

प्रश्न: ‘बेपत्ता’ म्हणजे गेलाच असं घरच्यांना सांगायचे का? किती दिवसांनी?

उत्तर: लगेच नाही. आधी फक्त ‘बेपत्ता’ अशी तार यायची, कारण माणूस कैदेत असू शकतो, तशी बरीच जणं नंतर परतलीही. ब्रिटनमध्ये साधारण सहा महिने काहीच कळलं नाही तर कागदोपत्री मृत्यू धरायचे, अमेरिकेत वर्षभराने. युद्ध संपल्यावर मात्र रॉयल एअर फोर्सने खास पथकं पाठवली, ४० हजारांवर माणसं शोधायची होती. ती पथकं गावोगाव फिरून, कुठे विमान पडलं होतं, कुणी कुणाला पुरलं असं विचारत विचारत कबरी उघडायची. चेहऱ्यावरून काय ओळखणार, म्हणून अंगठी बघायची, घड्याळाचा नंबर बघायचा, आणि काही जण तर शर्टाच्या कॉलरवर धोब्याने केलेल्या खुणेवरून ओळखले गेले.